हाती पडणारा पगार

उज्जयिनीशी आपल्या किनारपट्टीचे नाते जुने आहे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकाळेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, हे येथील पुष्कळांस ठाऊक असेल. आज त्याच नगरीजवळ, दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यात, विक्रम उद्योगपुरी उभी आहे. उद्या गोव्यातील एखादा पदवीधर सहा लाखांचे 'पॅकेज' घेऊन तेथे रुजू झाला, तर घरची मंडळी लगेच बाराने भागून दरमहा पन्नास हजार असा हिशेब मांडतील. लग्नाच्या बोलण्यांत तर हा भागाकार हटकून होतो. पहिल्या महिन्यास बँकेत जमा झालेला आकडा पाहून मग सरकारच्या नावाने बोटे मोडली जातात. हा दोष सरकारच्या माथी मारणे कितपत योग्य आहे, हे तपासून पाहिले पाहिजे.

मूळ वेतन पॅकेजच्या निम्मे, म्हणजे दरमहा २५,००० रुपये धरू. भविष्यनिर्वाह निधी पूर्ण मूळ वेतनावर आकारला जात असेल, तर मालकाचा बारा टक्के वाटा ३,००० रुपये होतो आणि तो पॅकेजमध्येच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीची तरतूद, मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे १,२०३ रुपये, तीही त्यातच. नोकराच्या स्वतःच्या वाट्याचे आणखी ३,००० रुपये जातात. मध्य प्रदेशात वृत्तिकर आहे. वर्षाला चार लाखांवर पगार असणाऱ्यास २,५०० रुपये भरावे लागतात. ते अकरा महिने २०८ आणि अखेरच्या महिन्यात २१२ असे कापतात. गोव्यातील नोकरदाराच्या पगारातून राज्य सरकार असा कर घेत नाही, म्हणून तिकडे गेलेल्यास ही कपात नवी वाटते. घटनेच्या २७६ व्या कलमाने घातलेली या कराची मर्यादा १९८८ मध्ये २५० रुपयांवरून २,५०० करण्यात आली. हे सारे वजा जाता हाती पडतात ४२,५८९ रुपये.

आणि आयकर? एक पैसाही नाही. २०२५-२६ या वर्षाच्या नव्या पद्धतीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणि बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट असल्याने पावणेतेरा लाखांपर्यंतचा पगारदार करमुक्त राहतो. पगार पंधरा लाख असेल, तर मात्र उपकरासह ९७,५०० रुपये, म्हणजे महिन्याला ८,१२५ रुपये कर लागतो. अशा पगारदाराने, तो परगावी भाड्याच्या घरात राहत असल्यास, जुन्या पद्धतीचाही हिशेब करून पाहावा. घरभाडे, विमा आणि वृत्तिकर यांची वजावट तिकडेच मिळते. मात्र आपली निवड मालकास वेळीच कळवावी लागते. न कळविल्यास कपात नव्या पद्धतीने होते.

तेव्हा आपल्या पदवीधराचे जे ७,४११ रुपये कमी झाले, त्यांत सरकारी कर अवघा २०८ रुपयांचा आहे. निधीचे सहा हजार तरी त्याच्याच म्हातारपणासाठी साठतात, त्याविषयी तक्रार नको. आमची तक्रार निराळी आहे. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी योजनेने मालकाचा वाटा कामगाराच्या मजुरीतून कापण्यास मनाई केली. पॅकेजच्या आकड्यात तोच वाटा घालून दाखविणे म्हणजे कपात न म्हणता कपात करणे होय. ग्रॅच्युइटीचे तर त्याहून विचित्र. कायम नोकरास ती साधारणतः पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते. तीन वर्षांत नोकरी सोडणाऱ्या तरुणाच्या नावे दरवर्षी दाखविलेले १४,४३० रुपये त्यास कधीच मिळत नाहीत, तरी ते त्याचा 'पगार' म्हणून मिरविले जातात! मालकाचा खर्च आणि नोकराचे वेतन या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्या एका आकड्यात कोंबण्याची सवय उद्योगांनी सोयीसाठीच लावून घेतली आहे.

नेमणूकपत्र देताना दरमहा बँकेत जमा होणारी रक्कम त्यात अक्षरी लिहिणे मालकांस सक्तीचे करावे, असे आम्हांस वाटते. तोवर उज्जैनला निघालेल्या मुलाने खोलीचे भाडे ठरविण्यापूर्वी हा आकडा कारखान्याकडून लेखी मागून घ्यावा.