धोका पातळी फक्त पाण्यालाच?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका! हे आकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पाणी इंचाइंचाने मोजणाऱ्या या व्यवस्थेने काठावरच्या माणसाच्या आत काय साचत चालले आहे, याची कधी विचारपूस केली काय? शिरोळ तालुक्याने २००५ चा महापूर सोसला, २०१९ चा सोसला, २०२१ चाही सोसला. नृसिंहवाडी, कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर इथल्या माणसांना आता आभाळ भरून आले की पिकाआधी पूर आठवतो. ही भीती कोणत्या सरकारी कागदावर आहे?

पाणी ओसरले की पंचनामे सुरू होतात. पडकी भिंत लिहिली जाते, मेलेली म्हैस लिहिली जाते, कुजलेला ऊस लिहिला जातो. जीव गेला तर वारसांना ४ लाख रुपये. पण दावणीची जनावरे मागे सोडून नावेत चढलेला आणि आजही त्यांच्या हंबरण्याने रात्री दचकून उठणारा शेतकरी? त्याचे नुकसान शून्य! मनासाठी पंचनाम्यात रकानाच नाही.

दोष एकट्या सरकारचा नाही. ‘सगळ्यांचंच गेलंय, तुझंच काय वेगळं?’ हे वाक्य घराघरांत, पारापारांवर फेकले जाते. बाप्या रडला तर बायकी, बाई रडली तर नाटकी! कुणी झोपेना, जेवेना झाले की ‘बाहेरचं दिसतंय’ म्हणून देवऋषी गाठायचा. विळ्याने बोट कापले तर कुणी पुरावा मागत नाही. मन फाटले म्हणणाऱ्याकडे मात्र साक्षीदार मागितले जातात. पूर सर्वांना आला म्हणून प्रत्येकाचे दुःख हलके होत नाही. पुढे एखाद्याने जीव दिला की तेच गाव हळहळते, ‘एकदा बोलला असता तर!’ अहो, कितीतरी जण बोललेले असतात. ऐकणाऱ्यांनी त्यांना उडवून लावलेले असते!

कायदा मुका नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येक नागरिकाला सरकारी खर्चाने चालणारे मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला. जीव द्यायला निघालेला माणूस तीव्र तणावाखाली आहे असे मानून त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन सरकारने करावे, असेही त्यात लिहिले आहे. आपत्तीत मनाला आधार कसा द्यावा, याची मार्गदर्शक तत्त्वे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्येच काढली. निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत आजारानुसार ७० ते ९२ टक्के मनोरुग्ण उपचाराविना आढळले. म्हणजे दुखणे माहीत, औषध माहीत, हक्कही मान्य. आणि तरीही रुग्ण वाऱ्यावर!

‘पोटाची मारामार, तिथे मनाचे चोचले कशाला?’ असा सवाल येईलच. राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये गोरगरिबांच्या पोरांसाठी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा त्यांनी पोट आणि पाटी यांची अशी झुंज लावली नव्हती. खचलेल्या हाताने ऊस लागण होत नाही, भरपाईचा अर्जही भरवत नाही. मन सावरणे हा पुनर्वसनाचाच पहिला हप्ता आहे.

म्हणून आमची मागणी रोखठोक आहे. पंचनाम्याच्या पथकासोबत समुपदेशक पाठवा. प्रत्येक निवारा केंद्रात बायकांना मोकळेपणी बोलता येईल अशी आडोशाची जागा द्या. आशाताईंना हे काम शिकवा आणि त्याचा वेगळा मोबदला द्या. पूरपट्ट्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मनोविकारतज्ज्ञाचा वार ठरवा, औषधे तिथेच ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा.

आणि शिरोळकरांनो, सरकार जागे होईपर्यंत थांबू नका. शेजारचा माणूस ‘मला सहन होईना’ म्हणाला, तर उपदेश करू नका, तुलना करू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचे पुरते ऐका आणि त्याला दवाखान्यात घेऊन जा. दुःख सांगणारा माणूस दुबळा नसतो. ते ऐकून न घेणारा समाज दुबळा असतो.