घरातली यंत्रे: २.४ की ५? शेवटच्या खोलीत बसून ठरवा



ह्या सदरात आम्ही घरात रोज लागणाऱ्या यंत्रांविषयी लिहितो. ह्या वेळचा विषय काहींना अगदी किरकोळ वाटेल. वाय-फायच्या डब्यावर दोन नावे दिसतात, एकाच्या शेवटी २.४ आणि दुसऱ्याच्या शेवटी ५. कोणते धरायचे? मुले म्हणतात, "पाच मोठा, पाचच घ्या." आजी-आजोबा म्हणतात, "तुम्ही काय ते करा, आम्हाला फक्त बोलता आलं पाहिजे." आमचे म्हणणे असे, की ह्या दुसऱ्या वाक्यापासूनच निवडीला सुरुवात करावी.

आपल्यापैकी काही घरांतली मुले-नातवंडे कामानिमित्त संयुक्त अरब अमिरातीत राहतात. कोणी दुबईच्या करामात, कोणी मरीनाच्या टॉवरमध्ये, कोणी शारजाच्या अल नाहदाला. काहींनी म्हातारे आई-वडील मुंबई-ठाण्याहून तिकडे राहायला नेले आहेत. एक काळ असा होता, की अमिरातीतून इस्रायलचा ९७२ हा आकडा फिरवला तर फोन लागतच नसे. १६ ऑगस्ट २०२० रोजी दोन्ही देशांत थेट फोन सुरू झाला. एवढी वर्षे बंद असलेले दार उघडले, आणि आता बोलणे तुटते ते कशामुळे, तर घरातल्याच एका भिंतीमुळे! म्हणून हा लेख.

आधी वाय-फाय म्हणजे काय ते बघू. अमिरातीत घरापर्यंत इंटरनेट येते ते बहुतेक ठिकाणी काचेच्या तंतूतून, म्हणजे फायबरमधून. घरोघर फायबर पोचवण्यात हा देश जगात आघाडीवर मोजला जातो. दाराशी येणारे इंटरनेट तिथे उत्तमच असते. तिथून पुढे आपल्या फोनपर्यंतचे शेवटचे दहा-पंधरा मीटर तार नसते, रेडिओच्या लाटा असतात. आकाशवाणीच्या असायच्या तशाच, फक्त फार लहान. २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २४० कोटी वेळा हेलकावणारी लाट. तिची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या तळहाताहून थोडी जास्त. ५ गिगाहर्ट्झची लाट सेकंदाला ५०० कोटींहून जास्त वेळा हेलकावते आणि तिची लांबी साडेपाच-सहा सेंटिमीटर, म्हणजे बोटाएवढी.

बालमित्रांनो, आता एक प्रश्न. शेजारच्या घरात मेंदी आहे, दार बंद आहे. तुमच्या खोलीत काय ऐकू येते? ढोलाची थाप येते, पण गाण्याचे शब्द कळत नाहीत. जाड आवाज भिंतीतून निघून येतो, बारीक आवाज भिंतीत अडकतो. आवाज वेगळा आणि रेडिओची लाट वेगळी, हे खरे. पण ह्या बाबतीत दोघांची चाल सारखी आहे. २.४ ची लाट दोन भिंती पार करून मागच्या खोलीत पोचते. ५ ची लाट पहिल्याच भिंतीत दमते. मध्ये भिंत नसली तरीसुद्धा, दोन्ही लाटा सारख्याच ताकदीने सोडल्या आणि अंतर सारखेच ठेवले, तर साध्या अँटेनाला ५ ची लाट सुमारे पाव हिश्शाच्या ताकदीने मिळते.

मग ५ हवीच कशाला? कारण २.४ वर गर्दी फार. हा पट्टा १९४७ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत उद्योगधंद्यांच्या आणि वैद्यकीय यंत्रांसाठी राखला गेला. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन ह्याच पट्ट्यात चालतो. पुढे ब्लूटूथ आले, बिनतारी माऊस आले, बाळाच्या पाळण्याजवळची यंत्रे आली, आणि वाय-फायही इथेच येऊन बसले. ह्या पट्ट्यात आकड्यांनी तेरा वाहिन्या दिसतात, पण त्या एकमेकींच्या अंगावर पडलेल्या आहेत. एकमेकींना धक्का न लावता चालणाऱ्या धरल्या तर तीनच, १, ६ आणि ११. आता मरीनाच्या टॉवरची कल्पना करा. वर घर, खाली घर, दोन्ही बाजूंना घर, आणि प्रत्येक घरात एक डबा. एवढे सगळे तीन वाहिन्यांत बसतात. ५ च्या पट्ट्यात वाहिन्या कितीतरी जास्त आहेत. शिवाय त्या लाटा भिंतीत अडकतात, म्हणून शेजाऱ्याचा डबा आपल्याला त्रास देत नाही. म्हणजे जो दोष, तोच गुण.

मुंबईत राहिलेल्यांना एका वाक्यात सांगता येईल. ५ ही फास्ट लोकल आहे आणि २.४ ही स्लो. फास्ट झपाट्याने जाते, पण मस्जिद बंदरला थांबत नाही. ज्याला मस्जिदला उतरायचे आहे, त्याला फास्टचा काय उपयोग?

ह्या हिशेबात आपल्या घरातले "मस्जिद बंदर" कोणते? बहुतेक वेळा आजीची खोली. असे का होते ते सांगतो. फायबर येते मुख्य दाराशी. तिथेच भिंतीतल्या कपाटात किंवा हॉलच्या कोपऱ्यात डबा बसवतात. टीव्ही हॉलमध्ये, मुलांचा गेम हॉलमध्ये, मुलगा-सून लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये. आजी-आजोबांना मात्र शांतता हवी म्हणून मागची खोली दिलेली असते. मध्ये सळया घातलेले काँक्रीटचे खांब, न्हाणीघराचे पाइप, कपाटाचा मोठा आरसा. आरशाच्या मागे धातूचा मुलामा असतो, तो लाट परत फिरवतो. इस्रायलमधल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. ममादचे लोखंडी दार लावले की फोनचे काय होते, हे सर्वांना अनुभवाने ठाऊक आहे. दुबईच्या घरात ममाद नसते, पण दोन काँक्रीटच्या भिंती मिळून अर्धे ममाद होतेच.

मग घरातला हौशी मुलगा हॉलमध्ये बसून तपासतो, ५ वर वेग झकास येतो, आणि सगळ्यांचे फोन ५ वर लावून टाकतो. हॉलमध्ये सगळे खूश. मागच्या खोलीत आजीच्या फोनवर चित्र थिजते, आवाज तुटतो. पलीकडे अश्दोदला किंवा लोदला बसलेल्या बहिणीला वाटते, हिने फोन ठेवला. आजीला वाटते, तिने ठेवला. दोन-तीनदा असे झाले की म्हातारी माणसे तक्रार करत नाहीत, फोन करणेच सोडून देतात. "सगळे कामात असतात, कशाला त्रास द्यायचा," असे म्हणतात. घरातल्यांना कळतही नाही, की माणूस रुसलेले नाही, फक्त चुकीच्या पट्ट्यावर आहे.

शुक्रवारचे उदाहरण घ्या. जानेवारी २०२२ पासून अमिरातीत सरकारी कचेऱ्या शुक्रवारी दुपारी बाराला सुटतात, आणि शारजात तर सरकारी कचेऱ्यांना शुक्रवार पूर्ण सुट्टीचा. हिवाळ्यात इस्रायलमध्ये शब्बाथच्या दिव्यांची वेळ चारच्या सुमारास होते, तेव्हा दुबईत सहा वाजलेले असतात. दिवे लावण्याआधी "शब्बाथ शालोम" म्हणायला सगळे नातेवाईक त्याच अर्ध्या तासात फोन करतात. आणि टॉवरमध्ये त्याच वेळी घरोघरी माणसे परतलेली, टीव्ही लागलेले, मायक्रोवेव्ह फिरत असलेले. ज्या वेळी बोलायचे, नेमकी तीच वेळ गर्दीची. म्हणून परीक्षा घ्यायची तर मंगळवारी सकाळी घेऊ नये, शुक्रवारी संध्याकाळी घ्यावी.

आता निवड कशी करायची ते क्रमाने सांगतो.

पहिले, डबा बघा. तो लोखंडी कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबलेला असेल तर बाहेर काढा, शक्य तेवढा घराच्या मध्याकडे आणि उंचावर ठेवा. मायक्रोवेव्हपासून आणि आरशापासून दूर. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते आणि एक दिरहॅमही खर्च होत नाही.

दुसरे, दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे द्या. काही डबे दोन्हींना एकच नाव देतात आणि कोणत्या यंत्राला कुठे बसवायचे ते आपले आपण ठरवतात. हे चांगले चालत असेल तर हात लावू नका. पण फोन हॉलमध्ये ५ धरतो आणि मागच्या खोलीत गेल्यावरही तेच तुटके टोक धरून बसतो, असे होत असेल तर नावे वेगळी करा. "घर-जवळ" आणि "घर-लांब" अशी साधी मराठी नावे द्यावीत, म्हणजे आजीलाही कळते.

तिसरे, ज्याची जागा त्याचा पट्टा. हॉलमधला टीव्ही, गेम, ऑफिसचा लॅपटॉप हे ५ वर. मागच्या खोलीतला फोन, दाराची घंटी, प्रिंटर हे २.४ वर. दिवे, प्लग अशा लहान यंत्रांपैकी पुष्कळांना फक्त २.४ च समजते; त्यांना ५ दाखवले तर ती जोडलीच जात नाहीत. जड गिऱ्हाइके ५ वर गेली, की २.४ वरची आपल्या घरातली गर्दीही कमी होते. व्हिडिओ कॉलला वेग फार लागत नाही. न तुटणारा धागा लागतो.

चौथे, घराची जात ओळखा. टॉवरमधले दोन खोल्यांचे घर असेल तर शेजारी फार आणि भिंती थोड्या. तिथे बहुतेक सगळ्यांना ५ च बरे पडेल, मागच्या खोलीतही पोचते का ते बघा. मिरदिफसारख्या वस्तीतला व्हिला असेल तर शेजारी लांब, पण मजले आणि भिंती जास्त, तिथे २.४ उपयोगी पडते.

पाचवे, दोन्ही पट्टे मागच्या खोलीत दमत असतील, तर निवडीचा प्रश्न संपला, दुसरा डबा हवा. अनेक नव्या इमारतींत प्रत्येक खोलीच्या भिंतीत नेटवर्कची खोबण असते आणि तिची तार दाराजवळच्या कपाटात जाते. त्या तारेवर दुसरा डबा लावला तर आजीच्या खोलीतच ५ उगवेल. तार न वापरता लाट पुढे ढकलणारी स्वस्त यंत्रेही मिळतात, पण त्यांतली साधी यंत्रे ऐकायला आणि बोलायला एकच वाहिनी वापरतात, म्हणून वेग निम्म्यावर येतो. यंत्र तिथल्याच दुकानातून, तिथल्या दूरसंचार नियामकाच्या मंजुरीचे घ्यावे. परदेशातून बॅगेत आणू नये. देशादेशांच्या वाहिन्या सारख्या नसतात. अमेरिकेसाठी बनवलेली काही यंत्रे १२ आणि १३ ह्या वाहिन्या ओळखतच नाहीत.

दोन गैरसमजही दूर करू. वाय-फायच्या नावात "५जी" लिहिलेले असते, त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी संबंध नाही. तिथे "जी" म्हणजे गिगाहर्ट्झ. मोबाइलमध्ये "जी" म्हणजे पिढी. दुसरे, फोनवर वाय-फायच्या सगळ्या काड्या भरलेल्या आहेत, संदेश आणि फोटो पोचतात, पण एखाद्या ॲपवर कॉल लागतच नाही, तर पट्टा बदलत बसू नका. अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्यासाठी नियामकाने मान्य केलेलीच ॲप चालतात. कोणते चालते ते तिकडच्या मुलांना विचारा आणि दोन्हीकडे तेच घाला.

दुकानदार आता ६ गिगाहर्ट्झचा तिसरा पट्टाही दाखवतात. तो सर्वांत मोकळा आहे, पण भिंतीपुढे ५ पेक्षाही नाजूक, आणि जुन्या फोनला तो दिसतच नाही. आजीचा फोन चार-पाच वर्षांपूर्वीचा असेल तर त्यासाठी पैसे घालवू नयेत.

बालमित्रांनो, आता तुमचे काम. एका कागदावर घराचा नकाशा काढा. प्रत्येक खोलीत जा, दार लावा, आणि आधी २.४ वर, मग ५ वर, दोन-दोन मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा. न तुटता झाला तर बरोबरची खूण, तुटला तर फुली. शेवटची फेरी शुक्रवारी संध्याकाळी आजीच्या खोलीत, तिच्याच खुर्चीवर, तिचाच फोन हातात घेऊन करा. तिथे ज्या पट्ट्यावर बरोबरची खूण येईल, तो तिच्या फोनला लावा आणि दुसरा पट्टा त्या फोनमधून विसरायला लावा, म्हणजे फोन आपणहून तिकडे पळणार नाही. मग नकाशा फ्रिजवर चिकटवा. डबा बदलला की पुन्हा लागेल.

आणि आजी-आजोबांना आमची विनंती. फोन मध्येच तुटला तर समोरच्याने ठेवला असे लगेच समजू नका. पुन्हा लावा. तोही तुटला तर नातवाला हाक मारा आणि सांगा, "माझ्या खोलीत येऊन बघ."