सगळेच बहिःस्थ झाले तेव्हा

मार्च 2020च्या मध्यावर कोविडच्या साथीमुळे महाराष्ट्रातली महाविद्यालयं बंद झाली आणि लाखो नियमित विद्यार्थी एका फटक्यात बहिःस्थ झाले. वसतिगृहं रिकामी झाली, ग्रंथालयांना कुलपं लागली. किनवटची मुलगी किनवटला गेली, वेंगुर्ल्याचा मुलगा वेंगुर्ल्याला. मागोमाग झूम आणि गूगल मीट आले, आणि वेळापत्रक होतं तसंच फोनच्या पडद्यावर चढलं: आठचा तास आठला, नऊचा नऊला.

त्या तासांचं खरं रूप आठवून पाहा. दिवसाला दीड जीबी डेटा. तो दुपारपर्यंत पुरावा म्हणून मुलं व्हिडिओ बंद ठेवत. शिक्षकांना दिसत ती नावांची आद्याक्षरं. हजेरी म्हणजे चॅटमध्ये टाकलेला रोल नंबर. घरात स्मार्टफोन एक आणि शिकणारी भावंडं दोन-तीन. तोच फोन वडील कामावर जाताना घेऊन जात. कोकणात रेंजसाठी मुलं डोंगरावर जाऊन बसली. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीजच राहिली नाही. साधनांची ही टंचाई अनपेक्षित नव्हती. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18च्या फेरीत ग्रामीण भारतातल्या जेमतेम 4 टक्के घरांत संगणक आणि सुमारे 15 टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली होती. आकडे सरकारदप्तरी होते. निर्णय घेताना ते कुणी समोर ठेवले नाहीत.

तंत्रज्ञान नसतं तर ते वर्ष पूर्ण वाया गेलं असतं, हे मान्यच करायला हवं. माझी तक्रार वेगळी आहे. दुरून कसं शिकवायचं, हे महाराष्ट्राला तेव्हा तीस वर्षांपासून माहीत होतं. नाशिकला 1989 साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट पायाशी धरली: शिकणारा एकटा आहे, थकलेला आहे, त्याच्या हाती तुकड्या-तुकड्यांनी वेळ येतो. म्हणून पुस्तक असं लिहायचं की ते स्वतःच शिकवेल. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्येच थांबवून विचारलेले प्रश्न, शेवटी उत्तरं. अडलेलं विचारायला जवळच्या महाविद्यालयात अभ्यासकेंद्र आणि तिथे समंत्रक. पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायका या वाटेने पदवीधर झाल्या.

आणि आपण या पदवीकडे कसं पाहिलं? नियमित महाविद्यालयांच्या शिक्षककक्षात तिला दुय्यमच मानलं गेलं. टाळेबंदीत नेमकी हीच विद्या हवी होती, तर तिच्या दारात फारसं कुणी गेलं नाही. फळ्यावरचा तास उचलून कॅमेऱ्यासमोर ठेवला, एवढंच झालं. आयआयटींच्या एनपीटीईएलची ऑनलाइन व्याख्यानं होती, 2017पासून ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ होतं. पण त्यांतलं बरंचसं इंग्रजीतलं, आणि तालुक्याच्या गावात मराठीतून बी.ए. करणाऱ्या मुलीच्या अभ्यासक्रमाशी त्याचा सांधा जुळत नव्हता.

काही शिक्षकांनी मात्र आपापली वाट काढली. त्यांनी तास घेणं सोडलं. दहा मिनिटांच्या ध्वनिफिती केल्या, हाताने लिहिलेल्या टिपणांचे फोटो व्हॉट्सॲपवर धाडले, रात्री नऊनंतर फोन उघडा ठेवला. मूल रेंजमध्ये येईल तेव्हा ते उतरवून घेई, फोन मोकळा असेल तेव्हा ऐके. तंत्र साधं, पण शिकणाऱ्याची गैरसोय ओळखून वापरलेलं. त्या दीड वर्षातलं सर्वांत चांगलं अध्यापन मला इथे दिसतं.

दुर्दैवाने चर्चा झाली ती परीक्षेचीच. राज्याने अंतिम वर्षाच्या परीक्षा रद्द केल्या, विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या घ्याच म्हटलं, 28 ऑगस्ट 2020ला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेविना पदवी देता येणार नाही असा निकाल दिला. ऑक्टोबरमध्ये मुलांनी घरबसल्या बहुपर्यायी प्रश्न सोडवले. मुंबई विद्यापीठात दूरशिक्षणाची परीक्षा सायबर हल्ल्यामुळे पुढे ढकलावी लागली. सहा महिने मुलं काय शिकली, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारला नाही.

तो आज विचारायला हवा, कारण साथ सरली तरी ऑनलाइन शिक्षण राहिलं आहे. आयोगाच्या 2021च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पूर्ण करता येतात. ही सवलत चांगली आहे. पण रिक्त प्राध्यापकपदं न भरता त्या जागी दुवा पाठवून देण्याची सोय म्हणून ती वापरली गेली, तर ती फसवणूक ठरेल. आधी मराठीतून स्वयंअध्ययनाची पुस्तकं लिहवून घ्या, तालुक्याच्या महाविद्यालयातलं ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडं ठेवा, तिथे वायफाय द्या, अडलेलं विचारायला पगारी माणूस ठेवा. मग 40 टक्क्यांचं बोलू.

वाचकांत प्राध्यापक पुष्कळ आहेत. त्या काळात तुम्ही तयार केलेली टिपणं, ध्वनिफिती तुमच्या जुन्या फोनमध्ये अजून असतील. ती पुसू नका. विषयवार लावा, आपल्या विभागाच्या ग्रंथालयात द्या आणि मुक्त विद्यापीठाच्या समंत्रकांना एकदा दाखवा.