तुम्ही कुठलं चॅनल बघता?

कोजागिरीला दूध आटेपर्यंत पूर्वी भेंड्या चालायच्या. यंदा हॉलमागच्या पार्किंगमध्ये बंदुका चालल्या, म्हणजे त्यांवरचा वाद. सप्टेंबर २०२१ पासून आपल्या टेक्सासमध्ये एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येतं. एका दादांनी नुकतंच घेतलं होतं. मंडळातल्या डॉक्टरताई म्हणाल्या, बंदूक घरात आली की घरच्यांचाच धोका वाढतो. त्यावर दादा म्हणाले, "तुम्ही कुठलं चॅनल बघता?" लगेच दोन तट पडले, आणि दूध पातेल्याला लागलं.

त्या एका प्रश्नाने माझं डोकं फिरलं. ताईंचं म्हणणं कुठल्या चॅनलवरून आलेलं नाही. १९९३ साली आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लिहिलं होतं की बंदूक असलेल्या घरात कुणाचा खून होण्याची शक्यता सुमारे २.७ पट आढळली. यावर खरा आक्षेप घेता येतो : ज्याला आधीच जिवाची भीती आहे तोच बंदूक घेत असेल, तर धोका बंदुकीमुळे की बंदूक धोक्यामुळे? दादांनी हे विचारलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण ताईंनीही "मी डॉक्टर आहे, मला माहितीय" एवढ्यावरच भागवलं. आपल्याकडे एकदा नावामागे डॉक्टर लागलं की पत्रिकेपासून शेअर बाजारापर्यंत सगळ्यात त्यांचा शब्द शेवटचा!

'तज्ज्ञांकडे पुरावा कुठाय?' हे तर त्या रात्री चारदा ऐकलं. पुरावा कमी का, हेही ऐका मग. केलरमनच्या अभ्यासाला सीडीसीचा, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा, पैसा होता. १९९६ मध्ये आर्कान्सासचे खासदार जे डिकी यांनी बजेटमध्ये एक कलम घातलं : सीडीसीने बंदूक नियंत्रणाचा प्रचार करायचा नाही. संशोधनावर बंदी नव्हती. पण सीडीसीने त्याआधी बंदुकांच्या संशोधनावर खर्च केले होते तेवढेच, २६ लाख डॉलर, कापले गेले. समजायचं ते सगळे समजले. हा निधी जवळजवळ आटला, तो थेट २०१९ च्या अखेरीस पुन्हा मंजूर झाला. आधी नळ बंद करायचा आणि मग बादली रिकामी का म्हणून विचारायचं! गंमत म्हणजे खुद्द डिकींनी २०१२ मध्ये सीडीसीच्या माजी अधिकाऱ्याबरोबर, मार्क रोझेनबर्गबरोबर, 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये लेख लिहून संशोधन व्हायला हवं असं सांगितलं. पलीकडच्या बाजूचंही सांगते. जास्त बंदुका म्हणजे कमी गुन्हे, हा जॉन लॉट यांचा दावा २००४ मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिलने तपासला, आणि उपलब्ध आकड्यांवरून गुन्हे वाढतात किंवा घटतात, यातलं काहीच ठामपणे म्हणता येत नाही, असं सांगितलं.

चॅनलं पक्षपाती आहेतच, दोन्हीकडची. पण उवाल्डेच्या शाळेतल्या गोळीबारासारख्या भयंकर घटनेवर महिनाभर कॅमेरे राहतात, आणि २०२१ मध्ये बंदुकीने गेलेल्या ४८,८३० माणसांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या, हे डावं चॅनल रंगवून सांगत नाही की उजवं. आपणही तो विषय निघाला की वाटीत अजून दूध घेतो. असो, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

वाद थंडावल्यावर मी दादांना विचारलं, पिस्तूल ठेवता कुठे? म्हणाले, पलंगाशेजारच्या खणात, भरलेलं. मुलगा सातवीत आहे. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती असं शस्त्र निष्काळजीपणाने लागू देणं टेक्सासमध्येही गुन्हा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या चॅनलनेही सांगितलं नसावं.

मुलांना कुणाच्या घरी झोपायला पाठवताना केकमध्ये अंडं आहे का, हे आपण बेधडक विचारतो. बंदूक आहे का, कुलपात आहे का, हे विचारायला मात्र संकोच! बालरोगतज्ज्ञ हे विचारा म्हणून कधीचे सांगताहेत.

शिकवण्याचा सूर लागला, माफ करा, सवय शाळेतली. दादांशी अबोला वगैरे काही नाही. त्यांनी आठवड्याभरात बोटाच्या ठशाने उघडणारी तिजोरी आणली आणि बंदुकीच्या हक्काबद्दल मला पुन्हा तासभर ऐकवलं. मी ऐकलं. दुसऱ्या घटनादुरुस्तीवरचे त्यांचे दोन मुद्दे मला अजून खोडता आलेले नाहीत.