साईं, किसलिए?

‘कॅन्डिड’ म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, “पॅकेज कितीचं?” हा शब्द लग्नवाल्यांनी कधीच पळवला. हळदीत नवरी खळखळून हसतेय, कोपऱ्यात मामा डोळे पुसतोय, हे कॅन्डिड. त्याचा रेट वेगळा. नवरीला तीनदा ‘ताई, परत एकदा हसा’ सांगितलेलं असतं, ते अल्बममध्ये दिसत नाही. माझं कॅन्डिड फुकटातलं. सुट्टीच्या सकाळी बदलापूरहून लोकल पकडायची, उल्हासनगरला उतरायचं, दाल-पकवान खायचं आणि बाजार उघडायच्या वेळेला गल्ल्यांतून हिंडायचं.

शटर अर्धं वर गेलेलं असतं, खालून नुसते दोन पाय आणि एक झाडू. उदबत्ती ओवाळणाऱ्या शेठचं निम्मं लक्ष देवाकडे, निम्मं समोरच्या दुकानात चढलेल्या गिऱ्हाइकाकडे. पुतळ्याला जीन्स चढवताना पोरगा त्याच्या कमरेला मिठी मारून उभा. असलं काही सांगून घडत नाही. दिसलं की बोट पडलं पाहिजे.

पण उल्हासनगरात कॅमेरा निघाला की बाजाराचा चेहराच बदलतो. ‘मेड इन यूएसए’, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा नकली मालावरचा विनोद आपण वर्षानुवर्षं सांगतोय. ज्यांच्यावर तो होतो, त्यांच्या लेखी कॅमेरा म्हणजे धाड, नाहीतर वाढीव बांधकाम मोजायला आलेला कोणीतरी. मुंबईत फोर्टात दिवसभर फोटो काढा, कोणी ढुंकून बघत नाही. इथे तिसऱ्या मिनिटाला खांद्यावर हात पडतो. “साईं, किसलिए?”

एकदा एका गाळ्यात पोरं शर्टांचे धागे कापत बसली होती. पत्र्याच्या फटीतून एकच तिरीप आत आलेली, तिच्यात सुताची धूळ तरंगत होती. मी दारातून अकरा फोटो घेतले. मालक आला, शांतपणे कॅमेरा मागितला आणि एकेक करून अकराच्या अकरा उडवले. मग चहा पाजला. रस्त्यावर फोटो काढायला परवानगी लागत नाही, हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण मी रस्त्यावर असलो तरी लेन्स त्याच्या गाळ्यात शिरली होती. चहा पिऊन निघालो.

फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ 1947 साली कुरुक्षेत्रच्या निर्वासित छावणीत गेला होता. मरगळ झटकायला हात हवेत फेकून कवायत करणाऱ्या माणसांचा त्याचा फोटो जगभर गेला. त्याच फाळणीत सिंधमधून निघालेल्यांच्या वाट्याला इकडे कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकी आल्या. 1949 मध्ये छावणीचं उल्हासनगर झालं, तरी पत्ता सांगताना लोक आजही कॅम्प तीन, कॅम्प चार असंच सांगतात. ब्रेसाँ थोर खराच, पण तो फोटो काढून पुढे गेला. मला पुढच्या आठवड्यात त्याच गल्लीत यायचं असतं. लहान शहरातल्या फोटोवाल्याची सगळी अडचण ही, आणि माझ्या मते त्याची शिस्तही हीच.

अंबरनाथला निदान शिवमंदिर मदतीला येतं. शके 982 चं, म्हणजे 1060 सालचं देऊळ. तिथे कॅमेऱ्याचं कोणाला काही वाटत नाही. सगळे देवळाकडे तोंड करून फोटो काढतात, मी देवळाकडे पाठ करतो. महाशिवरात्रीच्या जत्रेत समोरून येणारे चेहरे शिल्पांपेक्षा कमी नसतात. बदलापुरात मात्र कॅमेरा पिशवीतच राहतो. स्टेशनबाहेर जांभळं घेऊन बसलेल्या बाया पदर पुढे ओढतात, मग मन होत नाही. बाकी सगळे ओळखीचे. “काका, बायोडेटासाठी हिचा एक चांगला काढा ना.”

उल्हासनगरच्या एका कापड दुकानातले म्हातारे शेठ मात्र ‘किसलिए’ विचारून थांबले नाहीत. मी म्हटलं, शौक आहे. त्यांनी गल्ल्यामागची तसबीर दाखवली. हार घातलेले वडील, अंगात काळा कोट. “बाबूजी का एक ही फोटो है. कोट स्टुडिओवाले का था.” बोलता बोलता त्यांनी कापडाच्या तुकड्याने काच पुसली, हात वर ताणल्यामुळे सदरा एका बाजूने वर गेला, बनियनचं भोक दिसलं. काचेत त्यांचाच चेहरा बापाच्या चेहऱ्यावर येऊन बसला. मी बटण दाबलं. इतक्या वर्षांत असा फोटो मला दुसरा मिळालेला नाही.

पंधरा दिवसांनी चार बाय सहाची प्रिंट नेऊन दिली. चष्मा लावून त्यांनी ती बराच वेळ पाहिली. “इतना बूढ़ा हो गया मैं?” मग भोकावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. बिलबुक उचललं, प्रिंट खाली सरकवली. सदऱ्याचं वरचं बटण लावलं, खिशातल्या कंगव्याने भांग पाडला, हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले.

“अब एक ढंग का निकालो.”

काढला. भिंतीवर बाबूजींच्या शेजारी सध्या तो लागला आहे. माझा आवडता बिलबुकाखाली आहे.