हमालाला मत, अडत्याला मत; पिकवणाऱ्याला का नाही?



बाजार समितीच्या आवारात कापसाची गाडी लावून आपण रात्र काढतो. काटा कुणाचा, कट्टी किती, ज्वारीचे पोते भिजले तर शेड कुणी बांधायचे, हे सारे संचालक मंडळ ठरवते. या मंडळात १८ संचालक. व्यापारी-अडत्यांचे दोन, त्यांना परवानाधारक व्यापारी स्वतः मत देतात. हमाल-मापाड्यांचा एक, त्याला हमाल-मापाडी स्वतः मत देतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही, हमालाला मत असलेच पाहिजे. पण उरलेले पंधरा जण शेतकऱ्यांचे म्हणवतात, आणि त्यांना शेतकरी मत देत नाही. अकरा जणांना सोसायट्यांची संचालक मंडळे निवडतात, चौघांना ग्रामपंचायत सदस्य.

गावात हजार खातेदार असोत. मतदार किती? सोसायटीचे तेरा आणि पंचायतीचे नऊ-अकरा. एवढी माणसे एका गाडीत बसतात, म्हणून तर निवडणूक आली की त्यांना सहलीला नेतात! त्यातही जिरायती शेतकऱ्याची आणखी एक गंमत बघा. दोन वर्षे पाऊस दगा देतो, कर्ज थकते, आणि थकबाकीदार सोसायटीच्या मंडळावर बसू शकत नाही. म्हणजे दुष्काळाने पीकही नेले आणि बाजारातले मतही.

हे बदलले होते. २०१७ साली कायदा दुरुस्त झाला. दहा गुंठे जमीन आणि पाच वर्षांत तीनदा समितीत माल विकलेला, अशा शेतकऱ्याला थेट मत मिळाले. २०१८ साली सोलापूर आणि बार्शीत शेतकऱ्यांनी ते बजावलेही. २०१९ साली सरकार बदलले आणि २०२० साली हक्क गेला. कारण दिले खर्चाचे. २०२२ साली पुन्हा सरकार बदलले. मत परत देऊ असे जाहीर झाले, पण कायद्यात आला तो फक्त उभे राहण्याचा हक्क. एप्रिल २०२३ च्या निवडणुकांत शेतकरी उमेदवार होऊ शकत होता, पण स्वतःला मत देऊ शकत नव्हता. दोन्ही बाजूंच्या सरकारांनी आपल्याला चाखवून ताट ओढून घेतले, हे लक्षात ठेवा.

खर्चाची आणि मोठ्या यादीची ही सबब जुनी आहे. किती जुनी, ते पाहायला रत्नागिरी जिल्ह्यात जाऊ. तिथे कापूस नाही, ज्वारी नाही. भात, नाचणी, आणि डोक्यावर खोत. कूळ राबायचे, खोत वसूल करायचा. इंग्रजांच्या १९१९ च्या सुधारणांत मुंबई इलाख्यात बहुतेक ठिकाणी ३२ रुपये साऱ्याची जमीन असेल त्या शेतकऱ्यालाच मत होते. रत्नागिरीत ही अट १६ रुपयांवर आणली. तरी तुकड्यावर जगणारे बहुतेक लोक बाहेरच. साहेबांचे म्हणणे, निरक्षरांची मते कशी घ्यायची, एवढ्या मोठ्या याद्या कशा सांभाळायच्या? याच जिल्ह्यातले मूळ गाव असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मागितले. १९३७ साली त्यांनी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. ते तसेच पडून राहिले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली कुळे मुंबईत विधिमंडळावर चालून गेली. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. ज्याचे मत सभागृहात नव्हते, त्याला असे पायी यावे लागले.

१९३७ च्या निवडणुकीतून आणखी एक गोष्ट आपण घ्यावी. त्या वेळी मुंबई प्रांतात जास्त जागांच्या मतदारसंघात सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. बाबासाहेबांचा तोच आग्रह होता, कारण थोडे लोकही एकजुटीने आपला एक माणूस निवडून आणू शकत. आपल्याकडे सोसायटी गटात सर्वसाधारण सात जागा असतात. निम्म्याहून थोडी जास्त मते असलेले पॅनेल सातही घेऊन जाते. सात मते एकाला देता आली, तर एक तरी माणूस आत जाऊन काट्याचा हिशेब विचारील.

२०१७ च्या कायद्याचेही आम्ही गोडवे गात नाही. सोलापुरातही पॅनेल पुढाऱ्यांचेच होते. आणि तीनदा विक्रीची अट घातली की खेडा खरेदीत, घरून माल देणारा गरीब आधी गळतो. मक्त्याने करणाऱ्याच्या नावावर दहा गुंठेही नसतात. सातबारा नवऱ्याच्या नावावर, वेचणी बाईच्या हाताने, तिचे काय? आमच्या बैठकांत यावर भांडण झाले आहे, अजून होईल. आमचे मत असे की सातबारा, सौदा पट्टी किंवा पीक पाहणीतली नोंद, यांतले काहीही एक पुरावा धरावे आणि कुटुंबातल्या बाईला वेगळे मत द्यावे.

खर्च कोण करणार? आपल्या प्रत्येक क्विंटलवर बाजार फी वसूल होते. ती व्यापारी भरतो म्हणतात. पण भावातून कापूनच भरतो ना? त्याच पैशातून मतपेटी आणा.

जिल्हा बैठकीला येताना पाच वर्षांतल्या सौदा पट्ट्या आणि सातबारा आणा. गावाची मतदारयादी आपणच करून ठरावासह जिल्हा उपनिबंधकांच्या टेबलावर ठेवायची आहे. ज्यांच्याकडे पट्टी नाही त्यांनीही यावे, त्यांची यादी वेगळी करू.