विक्री वाढली, नफा कोठून आला?

कंपनीची विक्री वाढली की तिच्या समभागाचा भाव वधारतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा असला तरी अपुरा आहे. माल किती विकला गेला याइतकेच तो कसा विकला गेला यालाही महत्त्व असते. अमेरिकेतील संगणक उत्पादकांचा इतिहास गुंतवणूकदाराला हेच शिकवतो.

संगणक हा एका अर्थी नाशवंत माल आहे. नवी चिप बाजारात येताच जुन्या चिपच्या संगणकाची किंमत झपाट्याने घसरते आणि गोदामात पडून राहिलेल्या यंत्राची अवस्था मंडईतील संध्याकाळच्या भाजीसारखी होते. १९९८ च्या आरंभी कॉम्पॅक कंपनीला याचा अनुभव आला. वितरकांकडे धाडलेला माल ग्राहकांपर्यंत न पोहोचता तुंबून राहिला. तो खपवण्यासाठी सवलती द्याव्या लागल्या व नफ्याला ओहोटी लागली. पुढच्याच वर्षी मुख्य कार्यकारी अधिकारी एकहार्ड फायफर यांना पायउतार व्हावे लागले.

डेल कंपनीने वेगळा मार्ग धरला होता. मायकेल डेल यांनी १९८४ मध्ये टेक्सासमध्ये स्थापन केलेली ही कंपनी मध्यस्थांना वगळून दूरध्वनीवर आणि पुढे इंटरनेटवर ग्राहकाची मागणी नोंदवून घेई व त्यानंतरच संगणक जुळवी. ग्राहकाचे पैसे आधी हाती येत. पुरवठादारांची देणी नंतर चुकती होत. मालाचा साठा अवघ्या काही दिवसांचा असे. खेळत्या भांडवलासाठी आलेले कर्जप्रस्ताव तपासणाऱ्या बँक अधिकाऱ्यांना या व्यवस्थेचे मोल वेगळे सांगावयास नको. १९९० च्या दशकात डेलच्या भागधारकांना तिचे भरघोस फळ मिळाले.

परंतु कोणतीही विक्रीनीती अमरपट्टा घेऊन येत नाही. प्रतिस्पर्ध्यांनीही खर्च आटोक्यात आणला. लॅपटॉप दुकानात हाताळून घेण्याकडे ग्राहकांचा कल वाढला. २००६ मध्ये एचपीने डेलला मागे टाकले आणि २००७ मध्ये डेलचे संगणक वॉलमार्टच्या दुकानांत दिसू लागले.

याहून गंभीर बाब २०१० मध्ये उघड झाली. भारतातील सेबीप्रमाणे अमेरिकेतील भांडवली बाजाराचे नियमन करणाऱ्या आयोगाने डेलवर आरोप ठेवला. प्रतिस्पर्धी एएमडीच्या चिप न वापरण्याच्या मोबदल्यात डेलला इंटेलकडून मोठ्या रकमा मिळत होत्या आणि ही गोष्ट भागधारकांना सांगण्यात आली नव्हती, असे आयोगाचे म्हणणे होते. आयोगाच्या मते, कंपनीच्या कामकाजातील नफ्यात या रकमांचे प्रमाण आर्थिक वर्ष २००३ मध्ये १० टक्के होते. २००६ मध्ये ते ३८ टक्के झाले आणि २००७ च्या पहिल्या तिमाहीत ७६ टक्क्यांवर पोहोचले. आरोप मान्य वा अमान्य न करता कंपनीने १० कोटी डॉलर दंड भरून प्रकरण मिटवले. ज्या नफ्याचे श्रेय भागधारक कार्यक्षमतेला देत होते, त्याचा मोठा हिस्सा एका पुरवठादाराच्या मर्जीवर अवलंबून होता, असाच या आरोपाचा अर्थ होतो. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो असा!

२०१३ मध्ये मायकेल डेल व त्यांच्या सहकारी गुंतवणूक संस्थेने कंपनी खासगी करून घेतली. भागधारकांना प्रत्येक समभागामागे १३.७५ डॉलर मिळाले; २००० साली याच समभागाचा भाव ५० डॉलरांच्या वर होता. डिसेंबर २०१८ मध्ये कंपनी पुन्हा शेअर बाजारात आली खरी. पण पैसे घेऊन बाहेर पडावे लागलेल्या जुन्या भागधारकांना मधल्या काळातील वाढीचा लाभ मिळाला नाही.

यात उत्पादकाची विक्रीनीती चूक की बरोबर हा प्रश्न गौण आहे. आपल्या नफ्याचा खरा स्रोत भागधारकासमोर उघड करणे हे कंपनीचे कर्तव्य आहे, आणि तो शोधणे ही गुंतवणूकदाराची जबाबदारी आहे. आयुष्यभराची शिल्लक समभागात गुंतवू पाहणाऱ्याने वार्षिक अहवालातील विक्रीच्या आकड्यावर न थांबता पुढची पाने उलटावीत. न खपलेला साठा विक्रीपेक्षा वेगाने वाढतो आहे काय, वितरकांकडील येणे वेळेवर वसूल होते काय आणि नफ्याइतकी रोकड खरोखर जमा होते काय, हे तीन प्रश्न त्याने विचारावेत. कर्ज देताना बँक हीच चौकशी करते. स्वतःच्या पुंजीबाबत गुंतवणूकदाराने याहून कमी दक्ष असण्याचे काहीच कारण नाही.